आनंदची सेफ्टी टॉक

सेक्टरातला मेडिकलवाला ओळखीचा, म्हणून आनंद स्कूटर काढून मुद्दाम लांबच्या सिविक सेंटरच्या बाजारात गेला. काउंटरवरचं सॅनिटरी पॅडचं पाकीट उचलून वळतो, तर समोर शेजारच्या वसुंधराकाकू!

"अगोबाई! ईरा मोठी झाली? आमाले कावून नाही सांगितलं, आनंदभाऊ?"

'अजून नाही, नुसती तयारी करून ठेवतोय,' एवढंच त्याला सांगायचं होतं. पण हलली ती नुसती मान, तीही होकारार्थी.

बायको, माधवी, आजारपणात गेली तेव्हापासून आनंदला एकच धास्ती होती. तो दिवस येईल, पोरगी घाबरेल आणि तिच्याजवळ कोणीच नसेल. म्हणून आजच ईराला सगळं सांगायचं त्यानं ठरवलं होतं. कसं सांगायचं ते मात्र त्याला एकाच पद्धतीनं येत होतं. पोलाद कारखान्यात शिफ्टच्या आधी कामगारांना गोळा करून तो सेफ्टी टॉक द्यायचा, तशीच.

संध्याकाळी भिंतीवर त्यानं हातानं काढलेला चार्ट लागला. त्यातलं गर्भाशय हुबेहूब कारखान्यातल्या ब्लास्ट फर्नेसच्या भट्टीसारखं उतरलं होतं. ईरा समोर खुर्चीवर बसली. आनंदनं हातात स्केचपेन घेतलं.

"पहिली गोष्ट, घाबरायचं नाही. हा ब्रेकडाउन नाही. दर महिन्याचं रुटीन मेंटेनन्स समज."

"हो, बाबा," ईरा अगदी गंभीरपणे म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात वसुंधराकाकू आणि त्यांच्यामागे महिला मंडळ. कोणाच्या हातात नारळ, कोणाच्या हिरव्या बांगड्या, एकीच्या हातात तर चक्क पाट. चार्ट काढायलाही वेळ मिळाला नाही. बायकांनी त्याच्याखालीच पाट मांडला.

"पोरीले बसवा. आई नाही म्हणून काय झालं? ओटी आमी भरू ना!"

ईरानं बापाकडे पाहिलं. आनंदचा चेहरा पडला.

"वहिनी, माफ करा. माझीच चूक झाली. अजून तसलं काही झालंच नाही."

नारळ धरलेले हात तसेच थांबले.

"झालंय," ईरा हळूच म्हणाली. "होळीच्या सुट्टीत."

आनंद तिच्याकडे वळला. "मले कावून नाही सांगितलं, बेटा?"

"कसं सांगणार? तुम्ही त्या दिवशी आईच्या साड्या घड्या करून ठेवून राहिले होते ना. रडत होते. मी दारापर्यंत आले, मग वापस गेले."

"मग एकटीनं काय केलं तू?"

"आईनं दवाखान्यात जायच्या आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. माझ्या स्वेटरखाली पाकिटंही ठेवली होती. मुझे सब पता था, बाबा."

"मग आत्ता मुकाट्यानं ऐकून कावून राहिली होती?"

ईरा पहिल्यांदाच अडखळली. "आई म्हणाली होती, एक दिवस बाबा सांगायला बसतील. चित्रही काढतील. मधात टोकू नको. पहिल्यांदाच ऐकून राहिली, असं ऐक. त्यांना बरं वाटेल."

वसुंधराकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. आनंदनं चार्टकडे तोंड फिरवलं आणि स्केचपेन पुढच्या मुद्द्यावर टेकवलं, पण ते तिथंच राहिलं. ज्या दिवसाची त्याला धास्ती होती, तो येऊन गेला होता. पोरगी दारापर्यंत आली होती आणि तो पाठमोरा बसून साड्या आवरत होता. तिच्याजवळ होती ती माधवीच.

ईरा खुर्चीवरून उठली. तिनं त्याच्या हातातलं स्केचपेन काढून घेतलं आणि त्याला खांद्याला धरून खाली बसवलं, नेमकं ओटीसाठी मांडलेल्या पाटावर.

"बसा बाबा. पुढचं मी सांगते," ती म्हणाली. "आणि मधात टोकू नका."

आनंद बसला. बायकांच्या घोळक्यात, नारळ-बांगड्यांच्या मध्ये बसून त्यानं सगळं ऐकून घेतलं, अगदी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं.