कंपनीचा मारुती

चिखलीची जिनिंग कंपनी बुडाली, तेव्हा तिची विल्हेवाट लावायला कोर्टाने माणिकरावांना लिक्विडेटर नेमलं. महाराष्ट्र नवा होता आणि माणिकरावही हुरुपात होते. त्यांनी यंत्रं विकली, पत्रे विकले, जमीन विकली आणि घेणेकऱ्यांना त्यांचे त्यांचे वाटे देऊन टाकले. आता कोर्टाने मोकळं केलं की अमरावतीला जाऊन लेकीचं लग्न लावायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात मारुती आडवा आला.

फाटकाजवळचा हातभर उंचीचा हा मारुती कंपनीनेच कधीकाळी आणून बसवला होता. म्हणजे तोही मालमत्ताच. जमीन घेणारे शालिग्रामशेठ म्हणाले, जमीन माझी, पण देव नको, शनिवारचं तेल कोण घालत बसेल? लिलाव पुकारला तर भरपूर नारळ फुटले, पण बोली कुणी लावेना. देव फुकट देण्याचा माणिकरावांना अधिकार नव्हता आणि तो शिल्लक असेतो कंपनी संपत नव्हती. तिकडून बायकोने, सत्यभामाबाईंनी, निरोप धाडला, की तुम्हाला जमत नसेल तर कन्यादान मामा करतील. माणिकरावांना जेवण गोड लागेना.

अशात नव्या वस्तीवरचा भाजीवाला पुंजाजी येऊन बसला.

"आमच्या वस्तीले मारुती नाई, साहेब. पण देव इकत घ्याचा नसते. चोरून नेला तं पावते."

माणिकरावांनी आढ्याकडे पाहिलं. मग कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, की उद्या दुपारी फाटकावर कुणी नसतं.

दुसऱ्या दिवशी मारुती गेला. वस्तू चोरीला गेल्याचं कोर्टाला दाखवायचं तर पोलिसात वर्दी हवी, म्हणून माणिकरावांनी मोठ्या आनंदाने वर्दी दिली. हवालदार हिंमतरावांच्या हाती आजवर एकही चोर लागला नव्हता, तेव्हा हाही लागणार नाही, याची माणिकरावांना खात्री होती. पण पुंजाजी पडला भाविक. त्याने वस्तीवर भंडारा घातला आणि अगत्याने हवालदारालाही बोलावलं. हिंमतराव पोटभर जेवले, दर्शनाला वाकले आणि तिथेच त्यांनी पंचनामा केला.

"साहेब, तुमचा देव सापडला," ते धापा टाकत सांगायला आले. "आता काई चिंता करू नका."



कोर्टात पुंजाजी पिंजऱ्यात उभा होता आणि मारुती टेबलावर. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, मूर्ती कुणाच्या मालकीची? इकडे आड, तिकडे विहीर. कंपनीची म्हणावं तर पुंजाजी तुरुंगात आणि आपण जन्मभर चिखलीत; नाही म्हणावं तर आपलीच वर्दी खोटी. भोळ्या पुंजाजीला यात अडकवल्याची माणिकरावांना खरोखर लाज वाटत होती.

"प्राणप्रतिष्ठा झालेला देव कुणाच्या मालकीचा नसतो, साहेब," ते म्हणाले. "तो स्वतःच स्वतःचा मालक."

मॅजिस्ट्रेटना हे पटलं. पुंजाजी सुटला. कंपनीकडे काहीच उरलं नाही, तेव्हा वरच्या कोर्टाने कंपनी संपल्याचं जाहीर करून माणिकरावांनाही मोकळं केलं. फक्त एक बारीकशी गोष्ट राहिली होती. मूर्ती सोडवून न्यायची तर देव स्वतः सही करू शकत नव्हता.

"देवाची बाजू तुम्हीच मांडलीत," मॅजिस्ट्रेट म्हणाले होते. "देवातर्फे सही करा. पुढील हुकूम होईपर्यंत सांभाळा आणि मागू तेव्हा हजर करा."

लग्नाच्या आदल्या दिवशी माणिकराव अमरावतीला उतरले. कडेवर पोत्यात गुंडाळलेला मारुती होता. कंडक्टरने त्याचंही तिकीट घ्यायला लावलं होतं.

सत्यभामाबाईंनी दार उघडलं आणि पोत्यातून डोकावणाऱ्या शेंदरी तोंडाकडे पाहतच राहिल्या.

"सुटलो म्हनत होते ना तुमी?"

"कंपनीतून सुटलो."

"मंग ह्यायले कवा विकसान?"

माणिकरावांनी मारुती जपून पाटावर ठेवला आणि त्याच्यासमोर हात जोडले.

"मालकाला कोण विकतं?" ते म्हणाले. "जरा तेल आण, आज शनिवार आहे."