एकतिसावा दिवस

इस्रायलहून आलेलं पत्र बिन्यामीनकाका कधी लगेच फोडत नसत. पाकिटावर आल्याची तारीख टाकून ते फळीवर ठेवत आणि एकतिसाव्या दिवशी उघडत. पुतण्याच्या लग्नाला त्यांचे आशीर्वाद पोचले तेव्हा सूनबाईला दिवस गेले होते.

आमच्या घाटकोपरच्या चाळीत ते शेजारच्या खोलीत एकटे राहत. पेणकडचे बेने इस्रायली ज्यू, मराठी माझ्याहून अस्सल. भावंडं एकेक करून इस्रायलला गेली, हे विक्रोळीच्या कारखान्यात राहिले.

"अरे, आमच्यात कायदा आहे," ते सांगत. "सख्खं माणूस गेल्याचं तीस दिवसांच्या आत कळलं, तर सात दिवस जमिनीवर बसायचं. तीस उलटून गेल्यावर कळलं, तर फक्त एक तास!"

"म्हणजे सुतकात सूट?"

"सुतक तुमचं. आमचं बसणं. एका वर्षात दोन भावांसाठी बसलोय मी. आता पाठ साथ देत नाही रे."

मी हे चाळभर रंगवून सांगायचो. पाठीचं निमित्त होतं, माणूस भ्यायला होता, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलं नाही.

एका रविवारी मोठ्या बहिणीच्या पत्राचा एकतिसावा दिवस होता. आई गेल्यावर या रिबकाताईनंच त्यांना वाढवलेलं. काकांनी पत्र वाचलं आणि माझ्यापुढे धरलं.

'बिनू, दवाखान्यात आहे. आता घरी जाईनसं वाटत नाही. दोन ओळी पाठव. रोज टपालाच्या वेळी उठून बसते.'

फळीवर भाच्याचं पत्र होतं, परवाच आलेलं. ते त्यांनी तिथल्या तिथे फोडलं. ताई बारा दिवसांपूर्वी गेली होती. म्हणजे तिचं पत्र इथे पडून असताना ती अठरा दिवस तिकडे वाट बघत होती. मला काकांचा संताप आला आणि त्यांच्याकडे बघवेना.

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. पुन्हा मोजले.

"बाराच झालेत," ते म्हणाले, आणि त्यांना चक्क हायसं वाटलेलं दिसलं. "सात दिवस बसायला मिळेल मला."

त्यांच्या रिवाजाप्रमाणे सदरा गळ्यापाशी टरकन फाडून ते लादीवर बसले. बसलेल्या माणसाशी आपण आधी बोलायचं नसतं, हे त्यांनीच मला सांगितलेलं. मी समोर गप्प बसलो.

मग त्यांनीच मान वर केली.

"उत्तर गेलं नाही, तेव्हा मीच मेलो असं वाटलं असेल का रे तिला? माझ्यासाठी बसली तर नसेल ना ती?"