वस्त्रावर वाहिलेल्या नदीची बखर

श्री. जी वाहते, वाकते आणि अडविली असता दुसरी वाट पुसते, त्या जलदेवतेस आधी नमस्कार, मग धन्याचे चरणी नमस्कार, मग वर्तमान. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, चैत्र मास, ते समयी कोणा एका राज्यात, ज्याचे नाव लिहावयाची आम्हास परवानगी नाही, नदीचे डाव्या तीरी महाराजांचा बाग होता आणि उजव्या तीरी भोईवाडा होता, चाळीस घरे, सारे नावा चालविणारे लोक. आणि दर पावसाळ्यात बागेत गुडघाभर पाणी शिरे आणि पेरूची झाडे चिखलात लोळत, म्हणोन महाराजांचे चित्ती आले की डाव्या तीरी दगडी बांध घालावा. मग भोईवाड्यात कुजबूज जाहली की इकडे अडविलेले पाणी तिकडे येणार आणि आपली घरे जाणार. महाराज न्यायी होते आणि त्याहून अधिक चौकस होते, त्यांनी जलकामाचे कारभारी गिरमाजीपंत यांस बोलावून आज्ञा केली, "पंत, भोईवाडा बुडणार असेल तर बांध नको. बुडणार नसेल तर पाया खणू. परंतु आधी आम्हास कळले पाहिजे." पंत म्हणाले, "महाराज, बांध घातल्यावाचून कसे कळावे?" महाराज म्हणाले, "ते कळत असते तर आम्ही तुम्हास कशास बोलाविले असते?"

मग पंतांनी चहूकडे चौकशी केली, आणि कळले की समुद्रापार एक टोपीकर कारागीर आहे, तो वस्त्रावर नदी काढितो आणि तिची जाळीसारखी घरे पाडितो. दर घरात एक माणूस बसवावा आणि त्याचे ओटीत खडे द्यावे. खडा म्हणजे पाणी. डंका पडला की ज्याजवळ खडे अधिक त्याने शेजारच्या उण्यास द्यावे, आणि ऐसे डंक्यामागून डंका चालावे. वरचे टोकास बसतील ते आवक, त्यांस टोपल्यांनी खडे मिळावे. खालचे टोकास बसतील ते जावक, त्यांनी खडे बाहेर टाकावे. आणि काठाने बसतील ते भिंत. भिंतीने काही ठेवून घेऊ नये, आला खडा दिल्या हाती परत करावा. हे प्रथम ऐकिले तेव्हा आम्हासही वेड्यांचा बाजार वाटला, खोटे कशास सांगावे! परंतु जितका विचार करावा तितके कुतूहल वाढे, कारण पाणी तरी याहून वेगळे काय करिते? मग पंतांनी वैशाखात स्वतः दोन्ही तीर मोजून यादी जहाजाने रवाना केली, आणि पौषात वस्त्र आले.

वस्त्र आले परंतु बसावयाजोगे नव्हते. टोपीकराने घराची रुंदी बारा लिहिली, ती त्याचे फुटाची. आमचे कारकुनांनी बारा हात वाचली, तेणेकरून नदी दीडपट रुंद जाहली आणि भोईवाडा टेकडीवर जाऊन बसला. पंतांनी ते माप पुन्हा बसविले. मग वळणावरची तीन घरे इतकी चिंचोळी निघाली की माणूस काय, मांजरही मावेना. ती उसवून एक केली. आणि शिवणीत एक घर दोनदा आले होते, तेथे दोन शिपाई एकाच जागी बसावयास आले आणि मी नदी की तू नदी म्हणोन हमरीतुमरीवर आले. मग वरचे ठिगळ काढिले. पंधरा दिवस पंत गुडघ्यांवर रांगत वस्त्र तपासीत होते आणि जेवणाचे भान नव्हते. राहता राहिली काठांची नावे. टोपीकराने आवकेस आवक आणि जावकेस जावक लिहिले होते, कितेक कडा कोऱ्या होत्या, आणि पत्रात म्हटले होते की ज्या कडेस नाव नाही ती भिंत समजावी. पंतांनी तैसे समजून घेतले आणि बागेकडील काठही बांध म्हणोन भिंतच मांडिला.

माघ मासी वाड्याचे चौकात वस्त्र पसरिले आणि ऐंशी माणसे बसविली. भोईवाड्याने कपट म्हणू नये यास्तव महाराजांनी तिकडील बारा माणसे मागविली, त्यांत नागाई भोईण होती. वय साठीचे, नवरा गेल्यावर नाव तीच चालवीत असे. तीस उजव्या काठी, भोईवाड्याजवळचे कडेस बसविले आणि पंतांनी समजाविले, "बाई, तू भिंत. आले ते परत." नागाईने मान हलविली. मग डंका वाजू लागला आणि खडे हातोहात चालिले, आणि आम्ही शपथपूर्वक सांगतो, वळणावर खडे बाहेरचे अंगास दाटू लागले, जैसे खरे पाणी दाटते. ते पाहून दिवाणांनीही तोंडात बोट घातले. तीनशे डंके जाहल्यावर थांबविले. टोपल्यांनी किती घातले, जावकेने किती टाकिले, ओट्यांत किती राहिले, सारे मोजिले, आणि बेचाळीस खडे उणे.

पंतांचा चेहरा उतरला. पाणी हवेत विरत नाही आणि खडे तर नाहीच नाही. मग एकेकास उठविले, आणि नागाई उठली तो तिचे मागे बेचाळीस खड्यांचा ढीग. दिवाण संतापून म्हणाले, "म्हातारे, आपल्या वाड्यासाठी लबाडी करितेस?" नागाई म्हणाली, "लबाडी कसली, दिवाणसाहेब. हितनं पाणी माघारी जात न्हाई. हितं खाच हाय, खाचेतनं आमच्या दारात येतं. दर सालचं हाय ते. मी भित्त व्हायला बसले, पर हात काय परत फिरंना." दिवाण महाराजांचे कानाशी लागले की बाईस उठवून तेथे आपला शिपाई बसवावा, तो खडे मुकाट परत करील आणि हिशेब जुळेल. महाराज म्हणाले, "हिशेब जुळेल. पाणी ऐकेल काय?" आणि लागलीच स्वारी निघाली, नागाई पुढे आणि पंत मागे.

भोईवाड्याचे कडेस खाच होती, कोरडी ठणठणीत, आणि तीत म्हशी बांधिल्या होत्या. पंत म्हणाले, "महाराज, ही मी वैशाखात पाहिली होती. कोरडी होती, यास्तव यादीत लिहिली नाही. मी लिहिले नाही म्हणोन टोपीकराने नाव दिले नाही, आणि नाव नाही म्हणोन मी भिंत मानिली. चूक माझी." नागाईने घराची भिंत दाखविली, तीवर उंबऱ्याशी गढूळ पाण्याची रेघ होती. ती म्हणाली, "पंत, हितवर येतं. ह्याच्या हातभर वर आलं तर मात्र आमी गेलो." पंतांनी रेघेस हात लाविला आणि बराच वेळ काढिला नाही. आम्हास पंतांचा तेव्हा राग आला होता, आणि तेथेच निघूनही गेला.

मग दुसरे दिवशी वस्त्र पुन्हा पसरिले, आणि त्या कडेस पंतांनी स्वहस्ते जावक लिहिले, आणि नागाईच तेथे बसली. आधी बांधावाचून, बागेकडील काठ जावक धरून मांडिले, तेव्हा तिचे मागे चौदा खडे पडले. ते उंबऱ्याशी येणारे नित्याचे पाणी. मग बांध धरून मांडिले, तेव्हा पंचेचाळीस पडले. त्रिवार मांडिले, एकदोन खड्यांचा फरक, अधिक नाही. पंत हात जोडून म्हणाले, "महाराज, बांध घातला तर तिप्पट पाणी. छपरे बुडतील." महाराज वस्त्राभोवती एक फेरी फिरले, पेरूचे झाडांकडे एकवार पाहिले, आणि म्हणाले, "बांध नको."

पुढे शके सोळाशे ब्याण्णव, श्रावण मासी नदीस मोठा पूर आला. बागेत छातीइतके पाणी जाहले आणि पेरूची झाडे मुळासकट वाहून गेली. आम्हास वाईट वाटले, फळ गोड होते. महाराजांनी पंतांस भोईवाड्यात धाडिले. पंत नागाईचे नावेतून गेले आणि चिंब भिजून आले, आणि म्हणाले, "पाणी उंबऱ्यावर चार बोटे चढले आणि उतरले. चाळीसही घरे उभी आहेत." महाराजांनी इतकेच पुसिले, "माणसे?" पंत म्हणाले, "सारी."

सारांश, बाग गेला आणि भोईवाडा राहिला. त्या दिवशी भोईवाड्यात दोन बाळंतिणी होत्या, त्यांस बाजेवरून उठावे लागले नाही.