काळ्या बैलाचं कार्ड

माणसानं नको तिथं ‘मी हाय ना’ म्हणू नये. हरिचंद राठोड हे म्हणाला, आणि तेही गालात तंबाखूचा बार असताना. म्हणजे थुंकायला उठेपर्यंत विचार करायला चांगला वेळ होता. (मिळालेला वेळ विचारात घालवायची त्याला सवय नव्हती.)

त्या सालात पोंग्याच्या पुड्यातून कार्डं निघायची. कार्डावर एकेक जनावर, वाघ म्हणा, रेडा म्हणा, आणि खाली त्याच्या ताकदीचा आकडा. पोरं पोंगे कुत्र्याला घालायची आणि कार्ड खिशात. मग अदलाबदल. दोन कोल्हे देऊन एक लांडगा, वर चिंचेचा गोळा. पोरांचं खूळ मोठ्यांना कधी लागलं ते कळलं नाही, पण सेनगावच्या तातेराव दुकानदारानं बाजारतळावर मांडव टाकला आणि सामनेच जाहीर केले. एका घरातली तीन माणसं म्हणजे एक संघ. पहिलं बक्षीस शिलाई मशीन.

मशीनचं नाव ऐकलं आणि हरिचंदच्या सुनेच्या, निताच्या, हातातली भाकर तव्यावर तिरपी पडली. तांड्यातल्या बायांची झंपरं ती हातानं शिवायची. बोटं सुईनं चाळणी झालेली. मशीन पाहिजे हे तिच्या मनात लग्नापासून होतं, पण घरातल्या खरेदीचा धनी सासरा, आणि सासऱ्याशी तर ती बोलत नव्हती.

भांडण नव्हतं हो. रीतच तशी. सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि सरळ बोलायचं नाही. चौदा वर्षांत निता हरिचंदशी एक शब्द बोलली नव्हती. सांगायचं असलं तर सासूला सांगायची, सासू घरात नसली तर लेकीला. दोघीही नसल्या तर दारातल्या कोंबडीला, “जेवण वाढलंय म्हणावं,” असं सांगायची, आणि हरिचंद उठून हात धुवायचा.

संघात नात पुजा, तिची आई निता आणि बाप प्रेमदास असं ठरलं होतं. पण सामन्याच्या सकाळीच प्रेमदासच्या जीपला सिद्धेश्वरच्या वऱ्हाडाचं भाडं आलं आणि तो गेला. आजी रुक्माबाईला विचारलं तर ती म्हणाली, “मला वाघाचं चित्र पाहिलं तरी छातीत धडधडतं.” पुजा रडायला लागली. नितानं चुलीकडं तोंड फिरवलं. आणि तेव्हा हरिचंद म्हणाला, “मी हाय ना.”

“आबा, तुमाला येतं काय?” पुजानं डोळे पुसत विचारलं.

“जनावराचाच खेळ हाय ना? अगं, हिंगोलीच्या बाजारात माणसं मला हाताला धरून न्यायची बैल पाहायला.”

“जनावर न्हाई पाहायचं. खालचा आकडा पाहायचा.”

“आकडा कोणीबी छापतंय, पोरी. जनावर खोटं बोलत न्हाई.”

पुजानं आईकडं पाहिलं. आईनं आढ्याकडं पाहिलं.

मांडवात मधोमध टेबल, भोवती लोखंडी खुर्च्या, आणि खुर्च्यांच्या मागं दोरी. दोरीबाहेर सारा बाजार. मशीनला झेंडूचा हार घालून उंच स्टुलावर ठेवलेलं, जसा काही नवरदेवच बसवलाय. तातेरावानं शिट्टी फुंकून नियम सांगितले. ज्याची कार्डं संपली त्यानं उठून दोरीबाहेर जायचं. आतल्यांनी आपापसात बोलायला हरकत नाही, पण बाहेरच्याशी बोललं की एकदा ताकीद, दुसऱ्यांदा संघ बाद.

हे ऐकून रुक्माबाई दोरीबाहेर पहिल्या रांगेत मांडी घालून बसली.

पहिल्याच डावात निता सवयीनं मागं वळली. “आत्याबाई, मामाजींना सांगा, लहान कार्ड आधी टाका म्हणावं.”

शिट्टी वाजली. “ओ बाई! बाहेर बोलून राहिल्या तुमी! ताकीद!”

“सासूशी बोलली मी.”

“सासू दोरीबाहेर हाय ना!”

मग पुजाला मधे बसवलं. “पुजा, आबाला सांग, कोल्हा टाका.” “आबा, आई म्हणती कोल्हा टाका.” “ऐकलं गं, मी काय भयरा हाय?” असं करत करत राठोडांचा संघ जिंकत गेला. त्याला कारण एक कार्ड होतं. काळा बैल. हरिचंदच्या हातात तेच आलं होतं, आणि ते टाकलं की समोरच्याचं जनावर आडवं. पुजाचा चेहरा खुलला. नितानं तर दोनदा मशीनकडं असं पाहिलं की जणू घरी नेऊन तेलपाणी करून ठेवलंय.

हरिचंदला मात्र ते कार्ड हातात धरवेना. बैलाच्या कपाळावर, बराबर डोळ्याच्या वर, भोवरा काढलेला. एक शिंग आत वळलेलं. असा बैल त्यानं उभ्या जन्मात दावणीला बांधला नसता. “जिंकून राहिला म्हणून काय झालं,” तो पुजाला म्हणाला. “असलं जनावर आधी माजतं आन मग मालकाला पाडतं.”

“आबा, कागदाचा हाय तो!”

“कागदाचा असला म्हणून खोड जाते व्हय?”

शेवटच्या सामन्यात समोर शेषराव आला, हिंगोलीच्या हळदीच्या अडतीवर तोलाई करणारा. गोड बोलायचा. बोलता बोलता काटा कुठं झुकायचा ते कळायचं नाही. दोन डाव त्यानं घेतले, दोन राठोडांनी. पाचव्यात आधी शेषरावाची दोन्ही माणसं बाद झाली, मग पुजाची कार्डं संपली आणि तातेरावानं तिला दंडाला धरून दोरीबाहेर नेलं. टेबलाच्या अलीकडं आता सासरा आणि सून, आणि मधे रिकामी खुर्ची.

नुसता कनातीचा फडफड आवाज.

आता प्रत्येक बाजूला दोन कार्डं उरली होती. दोन्ही उघडायची, ज्याची बेरीज मोठी त्याचं मशीन. पण त्याआधी एक शिट्टी ते दुसरी शिट्टी एवढ्यात समोरच्याशी एका कार्डाच्या अदलाबदलीची मुभा. दोघांनी उभं राहायचं आणि टेबलावरून कार्ड हातोहात द्यायचं.

पहिली शिट्टी वाजली. शेषरावानं हळूच एक कार्ड फिरवून दाखवलं. ढवळा बैल! कपाळ कोरं, शिंगं जुळलेली, वशिंड डेरेदार, शेपटीचा गोंडा पार खुरापर्यंत.

“काका, तुमच्यासारखा पारखी सेनगावात न्हाई,” शेषराव म्हणाला. “त्या काळ्याची तुमाला तकलीफ होऊन राहिली, मला दिसतंय. घ्या हा. तुमच्याच दावणीला शोभतो.”

खालचा आकडा शेषरावाच्या अंगठ्याखाली होता. दोरीबाहेर पुजानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. डोळ्यांतून नुसतं पाणी. नितानं खोकून पाहिलं. हरिचंदला वाटलं, हिला धूळ लागली. नितानं बांगड्या वाजवल्या. हरिचंदला वाटलं, घाई करा म्हणती. तिनं रिकाम्या खुर्चीकडं तोंड केलं आणि ओठ हलवले, पण खुर्चीत कोणी नव्हतंच, निरोप न्यायचा कोणी? इकडं तातेरावानं शिट्टी ओठाला लावली.

आणि हरिचंद उभा राहिला. सोगा सावरला, काळा बैल उजव्या हातात धरला आणि टेबलावर पुरता ओणवा होऊन हात लांब केला. मागून मांडवात खसखस पिकली. शेषरावाचा हात पुढं आला. दोन बोटांचं अंतर राहिलं.

“मामाजी! बसा खाली!”

हे कोण बोललं ते आधी कोणालाच कळलं नाही. मग कळलं, आणि दोरीबाहेरच्या बायांनी पदर तोंडाला लावले. चौदा वर्षांचा आवाज तो, एकदम सुटलेला, मोटेचं पाणी थारोळ्यात पडावं तसा. हरिचंद कार्डासकट खुर्चीत बदकन बसला. त्याच घडीला दुसरी शिट्टी वाजली.

“टाइम संपला! उघडा!”

शेषरावाचा ढवळा उघडला. आकडा एवढासा की बैलाला लाज यावी. पण त्याचं दुसरं कार्ड भलं मोठं होतं, आणि निताच्या हातात नुसतं हरीण. तातेराव बोटांवर बेरीज करायला लागला. बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून धरली. निता डोळे मिटून बसली. तातेरावानं एकदा पुटपुटत, एकदा मोठ्यानं बेरीज केली, आणि मग मान वर करून म्हणाला, “राठोड!”

मशीन कोणाच्या तरी जीपवर चढलं. त्यावर हात ठेवून निता बसली, शेजारी पुजा आणि रुक्माबाई. रुक्माबाई जीपमधून ओरडून काही सांगत होती, पण हरिचंद ऐकतो कशाला? त्याला बाजारानं घेरलं होतं. संध्याकाळपर्यंत तो सेनगावच्या सगळ्या पानठेल्यांवर उभा राहून आला.

“सून माझी! चौदा वर्षं तोंड उघडलं न्हाई, आन उघडलं ते नेमकं येळेवर! मला तो काळा नको वाटत होता, पण तिनं वळखला. काहून न्हाई वळखणार? घर कोणाचं हाय?” आणि तिसऱ्या ठेल्यापर्यंत निताला जनावराची पारख त्यानंच शिकवली होती.

घरी आला तो थेट मशीनपाशी. निता सुई ओवत होती. तिनं पदर घेतला. हरिचंद खाकरला. आता रीत मोडलीच होती.

“सूनबाई, खरं सांग. त्या काळ्या बैलात तुला असं काय दिसलं?”

नितानं दोरा सुईतून ओढून घेतला.

“बैलात न्हाई, मामाजी,” ती म्हणाली. “बैल तर गेलाच म्हणून मी सोडून दिला होता. तुमी उभे राहिलात ना, ओणवे झालात... खुर्चीचा खिळा लागून मागून धोतर पार वरपर्यंत फाटलेलं. सारा बाजार पाहून राहिला होता. माझ्या तोंडून निघून गेलं.”

हरिचंदनं हळूच मागं हात नेला. बोटं आरपार गेली.

“आन तू?” तो रुक्माबाईवर घसरला. “तू तर मागंच बसली होतीस!”

“दोरीबाहेर बोललं की संघ बाद,” रुक्माबाई म्हणाली. “जीपमधून सांगितलं, तर तुमी माझ्याकडं पाहून हात हलवला.”

“आणा इकडं मामाजी,” नितानं सुई खाली घेतली. “पयलं काम तुमचंच करते.”

हरिचंद तिथून भिंतीला पाठ लावत लावत आत सरकला. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, की आज दिवसभर प्रत्येक पानठेल्यावर माणसं एवढ्या अदबीनं बाजूला सरून “काका, तुमी व्हा म्होरं, आमी मागून येतो,” असं काहून म्हणत होती.