वॉलब्रिजसाहेबांचा कुत्रा

चार जुलैच्या, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीला निघताना व्हर्ना टॉर्गरसनने नवऱ्याच्या कोटाच्या खिशात कागदात गुंडाळलेलं एक जाडजूड सॉसेज कोंबलं.

"अगं, मी मतं मागायला चाललोय, सहलीला नाही," लायल कुरकुरला.

"मागे भाषण करता करता डोळे पांढरे केले होतेस, विसरलास? भूक लागली की गुपचूप खा. आणि हात कोटाला पुसू नकोस."

लायल टॉर्गरसनचं आयोवातल्या एका लहानशा गावात पशुखाद्याचं दुकान होतं. राज्याच्या विधानसभेत तो वर्षानुवर्षं निवडून येत होता, कारण त्याच्याविरुद्ध उभं राहायचा कंटाळा सगळ्यांनाच होता. गुरांचे ट्रक जातील एवढा एक पूल रुंद करून घेतला, ही त्याची आजवरची कमाई. यंदा मात्र पक्षाने त्याला थेट वॉशिंग्टनसाठी उभं केलं होतं, आणि तेही प्रेन्टिस वॉलब्रिजसमोर. वॉलब्रिज वीस वर्षं काँग्रेसमध्ये, म्हणजे देशाच्या संसदेत मुरलेला माणूस. केस कापसासारखे, आवाज चर्चमधल्या ऑर्गनसारखा. पक्षाला दुसरा कोणी बळीचा बकरा सापडला नव्हता, एवढाच लायलच्या उमेदवारीचा अर्थ.

मिरवणुकीत वॉलब्रिज उघड्या मोटारीत बसून हात हलवत होता. शेजारी त्याची बायको इमोजीन आणि दोघांच्या मधे त्यांचा कुत्रा ड्यूक. लांब कान, आखूड पाय आणि नुकतीच मयत आटोपून आल्यासारखा चेहरा. मागून लायल पायी चालला होता. बँकेच्या चौकात वारा फिरला. ड्यूकने नाक वर केलं, मोटारीतून धप्पकन उडी मारली आणि तो लायलच्या पायाशी येऊन चालू लागला.

"ड्यूक! इकडे ये! ये म्हणतो ना!" वॉलब्रिजचा ऑर्गन गरजला.

ड्यूकने वळूनही पाहिलं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हशा पिकला. न्हाव्याच्या दुकानासमोरून कोणीतरी ओरडलं, "साहेब, घरातलं मत गेलं की हो!"

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर फोटो. खाली ओळ होती : 'पहिला मतदार फुटला.'

दुपारी वॉलब्रिजचा प्रचारप्रमुख स्टॅनहोप याचा फोन आला. "टॉर्गरसन, राजकारण राजकारणाच्या जागी. पण कुत्रा पळवायचा? लाज नाही वाटत?"

"अहो, मी नाही पळवला. तोच आला. कालच घरी नेऊन सोडला मी त्याला."

"मग आत्ता कुठाय तो?"

लायलने खाली पाहिलं. ड्यूक त्याच्या बुटावर हनुवटी टेकून घोरत होता.

पुढचे काही आठवडे हेच चाललं. लायल संध्याकाळी कुत्रा पोचवायचा आणि सकाळी दार उघडावं तर पायरीवर ड्यूक हजर. लायल ज्या दारी मतं मागायला जाई, तिथे माणसं आधी कुत्र्याला कुरवाळत आणि मग त्याला आत बोलावून कॉफी पाजत. अशी कॉफी त्याला याआधी कुणी कधी पाजली नव्हती. पण लायलचं मन त्याला खात होतं. शेवटी चर्चमधल्या पॅनकेकच्या न्याहारीला तो उभा राहिला.

"मंडळी, एक सांगून टाकतो. ड्यूकचं माझ्यावर प्रेमबीम काही नाही. माझ्या खिशात सॉसेज असतं. बायको ठेवते."

मग ऑगस्टा फ्लेमिंग नावाची म्हातारी काठी आपटत म्हणाली, "अगंबाई! निवडणुकीला उभा असून खरं बोलतोय हा. मी तर बाई यालाच मत देणार."

ही बातमी स्टॅनहोपपर्यंत पोचली आणि त्याचं डोकं नको तिकडे चाललं. जाहीर वादविवाद गावच्या बागेत, बँडच्या चौथऱ्यावर होता. वॉलब्रिज आला तो दोन्ही खिसे फुगवून. एका सॉसेजने एक कुत्रा फुटतो, तर सहा सॉसेजनी तो नक्की परत येईल, असा साधा हिशेब होता.

"देशाच्या संरक्षणाचा प्रश्न..." वॉलब्रिजने सुरुवात केली आणि चौथऱ्यावर पोस्टमास्तरचा शिकारी कुत्रा चढला. पाठोपाठ डॉक्टरीणबाईंच्या दोन झिपऱ्या कुत्र्या आल्या आणि मग मक्याच्या शेतातून कोणाचीच नसलेली चार-पाच जनावरं.

"...आपण कोणापुढेही वाकणार... अरे, सोड! सोड म्हणतो! स्टॅनहोप!"

एक खिसा टर्रकन फाटला. स्टॅनहोप मदतीला धावायच्या ऐवजी टेबलावर चढून बसला होता. लायलने पुढे होऊन वॉलब्रिजचा कोट ओरबाडून काढला आणि सॉसेजसकट लांब हिरवळीवर भिरकावला. सगळी फौज तिकडे पळाली. जागचा हलला नाही तो फक्त ड्यूक. तो लायलच्या खुर्चीखाली झोपला होता.

"थँक यू, टॉर्गरसन," धापा टाकत, शर्टाच्या बाह्या सावरत वॉलब्रिज म्हणाला.

"वाक्य पुरं करा ना साहेब. 'कोणापुढेही वाकणार', इथवर आला होतात."

नोव्हेंबरात लायल जेमतेम एकशे बारा मतांनी निवडून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी इमोजीन वॉलब्रिज सफरचंद भरून भाजलेला ॲपल पाय घेऊन दारात उभी. कुत्र्याला न्यायला आली होती.

"लायल, अभिनंदन. तुला म्हणून सांगते, प्रेन्टिसला बोलू नकोस. मी तुलाच मत दिलं."

"काय सांगतेस!"

"वीस वर्षं माझा नवरा मला पेपरातच दिसतो रे. आज सकाळी पहिल्यांदा समोर बसून त्याने अंडं खाल्लं. मीठ कुठे ठेवतो आपण, ते विचारत होता." मग ती हसली आणि ड्यूकला ओढत निघून गेली.

लायल दार लावून स्वयंपाकघरात आला. व्हर्ना सिंकपाशी पाठमोरी उभी होती.

"ऐकलंस? खुद्द त्याची बायको! काय बाई आहे! नवरा घरी राहावा म्हणून चक्क विरोधकाला मत!"

व्हर्ना एकच कप पुन्हा पुन्हा पुसत होती.

"व्हर्ना?"

"ॲपल पाय कापू का? गरम आहे तोवर खाऊन घे."

"व्हर्ना, तू कोणाला मत दिलंस?"

तिने कप फळीवर ठेवला, हात कोरडे केले आणि ॲपल पाय टेबलावर पुढे ओढला.

"मलाही नवरा घरीच हवा होता. मला वाटलं होतं, वॉलब्रिज सहज निवडून येईल," ती म्हणाली.