गोदीचं लग्न आणि अंतरपाटातला कोल्हा

एका जंगलात, लेकरांनो, सशांचंसुद्धा राज्य होतं, तेव्हाची ही गोष्ट. ठमी आणि गोदी अशा दोघी सशिणी बहिणी तिथं राहायच्या. आईबाप नव्हते. थोरल्या ठमीनं बीळ खणायचं, धाकट्या गोदीनं माती उपसायची, असं त्यांचं घर उभं राहिलं.

गोदीवर राजपुत्र शूरसेन भाळला. कमरेला तलवार, डोक्याला मंदील, मंदिलातून दोन कान बाहेर. राजानं दरबारच्या पोपटाला हुकूम सोडला, "आमच्या चिरंजीवांच्या प्रेमाची पोथी लिही. पिढ्यान्‌पिढ्या वाचली पाहिजे."

पोपट भर लग्नातच लिहायला बसला. अंतरपाट धरलेला. अलीकडे गोदी, पलीकडे शूरसेन. गोदीच्या पाठीशी करवली म्हणून ठमी, हातात दिवा.

"थांबा," पोपट म्हणाला. "नवरीच्या कानात कमळ नाही. कमळावाचून प्रेमकथा कशी व्हायची? करवलीबाई, तळ्यावरून घेऊन या. आणि युवराज, डोळे मिटा. प्रेमात डोळे मिटतात."

शूरसेनानं मिटले. ठमी दिवा घेऊनच तळ्याकडे पळाली.

भटजी कासव. एकेक मंगलाष्टक म्हणजे अर्धा प्रहर. पण कितीही वेळ गेला तरी गोदीच्या पाठीला दिव्याची ऊब काही लागेना. तिचं अक्षतांत लक्ष लागेना.

तेवढ्यात तळ्याकडून हाक आली, "गोदे, मेले गं."

गोदीनं मुंडावळ्या कानामागे टाकल्या आणि अंतरपाट हिसकला.

"हे पोथीत नाही," पोपट म्हणाला.

"मग लिहा की," म्हणाली नि सुटली.

तळ्यावर कोल्ह्यानं ठमीचा पाय दातांत धरला होता. गोदीनं मागून त्याच्या डोक्यावर अंतरपाट टाकला आणि मानेशी गाठ मारली. सगळीकडे अंधार. कोल्ह्याला वाटलं, रात्र झाली. त्यानं जांभई दिली.

पाय सुटला. मग दोघींनी त्याचा एकेक कान धरून असा पिळला, की तो अंतरपाटासकट ओरडत रानात पळाला.

"ताई, लागलं का गं?"

"पायाचं राहू दे. तुझं लग्न मोडलं की."

"कशानं मोडतंय? तो तिथंच उभा असेल."

होताच. डोळे मिटलेले, हातात माळ. "आलीस का लाडके?" म्हणत ती माळ तो भटजींच्या गळ्यात घालत होता. गोदीनं वेळेवर मान पुढं केली.

गोदीला भाऊ नव्हता, म्हणून नवरदेवाचा कान पिळायचा मान ठमीचा. तिचा हात तयारच होता. "दाजी, आता डोळे उघडा."

पोथी झाली. शूरसेनाचे सुस्कारे आले की बाया उठून भाजी निवडायला जात. कोल्हा आला की परत येऊन म्हणत, "हे पुन्हा वाचा." पोपटाला राग आला. त्यानं नवी पोथी काढली. तीत कोल्हा शूरसेनानं मारला. ती अजून कुणी वाचलेली नाही.

तात्पर्य: प्रेमकथेत नायक हा हवाच. बहिणी कोल्ह्याला पिटाळून येईस्तोवर माळ धरून उभं कोण राहणार?