आतून लागणारी कडी

आमच्या शेजारच्या भंगाळेकाकांना सातपुड्यातल्या जंगलांची खडान् खडा माहिती आहे, पण ती सगळी बायकांच्या संडासांपुरती. चिखलदऱ्याचं नाव निघालं की लोक दऱ्यांबद्दल बोलतात. काका म्हणतात, "आहे, पण दाराला फट आहे." पचमढीबद्दल विचारा. "नळाला पाणी आहे," असं समाधानाने सांगतील, आणि त्यांच्यापुरतं पचमढीचं वर्णन तिथे संपतं.

हे ते हळू आवाजात सांगत असते तर माझी तक्रार नव्हती. पण काकांची सगळी नोकरी तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत, सेफ्टी खात्यात गेली. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. त्यामुळे बोईसरच्या भाजी बाजारात मेथी निवडता निवडता ते मला लांबून हाक मारून सांगतात, "सर, मेळघाटातलं कळलं! कमोड नाही, साधा आहे!" मी पालघरच्या कॉलेजात शिकवतो. बाजारात माझे विद्यार्थी असतात, त्यांच्या आया असतात. मी मान खाली घालून टोमॅटो चाचपत राहतो.

नोकरीतून त्यांनी एक वाक्य घरी आणलं: "कागदावर सगळं ठीकच असतं. जाऊन बघायचं." लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या आधी ते हॉलचं मागचं दार बघतात. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा कथा ऐकता ऐकता मधेच उठून त्यांनी गॅसची नळी हाताने चेपून पाहिली आणि भर पूजेत माझ्या बायकोला, वृषालीला, म्हणाले, "बदला ही." भटजी थांबले. नळी खरंच बदलायला झाली होती, पण ही काय वेळ होती?

तर अशा माणसाने सहलीचा बेत आखला. सात दिवस, काकांची जुनी पांढरी गाडी, काका-काकू आणि आम्ही दोघं. मनोरवरून जव्हार, नाशिक, मग खानदेश, मेळघाट, पचमढी, सातपुड्याच्या रानातून फिरत परत. काका-काकू मूळचे यावलकडचे. काकूंच्या माहेरच्या अंगणातून सातपुडा दिसायचा. "निळी रेघ दिसायची नुसती," काकू एकदा वृषालीला म्हणाल्या होत्या. "पलीकडे काय असेल, असं वाटायचं." त्या रेघेच्या पलीकडे काकूंना न्यायचं, एवढंच काकांना हवं होतं.

आणि काकूच येत नव्हत्या. विषय निघाला की त्या हसून म्हणायच्या, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." खरं तर त्या कुठेच जात नसत. एडवणच्या समुद्रावर बिल्डिंगची सहल गेली, काकू घरी. पालघरला हळदीकुंकू, काकू घरी. मला त्यात नवल वाटत नसे. असा नवरा बरोबर असल्यावर कोणती बाई उंबरा ओलांडेल, असं मी वृषालीला म्हणालोही होतो. तिने विषय बदलला.

काकांची तयारी मात्र चालूच. लांबच्या ठिकाणी फोन करायचे. एकदा माझ्यासमोर त्यांनी जंगलाजवळच्या एका लॉजवाल्याला धरलं. तो बिचारा वाघ दिसण्याची शक्यता सांगत होता.

"वाघाचं राहू द्या," काका म्हणाले. "बाथरूमची कडी आतून लागते का?"

पलीकडून काही तरी होकार आला.

"असं नको. आत जा, लावून बघा. मी फोन धरतो."

तो माणूस खरंच गेला. आम्ही दोघं फोनमधून कडीचा खडखडाट ऐकत बसलो.

पुढे माझ्या कॉलेजमधल्या कुलकर्णीबाई पचमढीला जाऊन आल्या. काकांनी हट्टच धरला म्हणून त्यांना घरी चहाला बोलावलं. बाईंनी हौसेने फोटो दाखवले. धबधबा झाला, दरी झाली, सूर्यास्त झाला. काका चष्मा सावरून प्रत्येक फोटो बारकाईने पाहत होते. शेवटचा झाल्यावर म्हणाले, "छान. पण यात लेडीज कुठेच दिसत नाही."

बाईंना वाटलं बायकांच्या ग्रुपबद्दल विचारताहेत. काकांनी नीट खुलासा केला. जाताना लागतं कुठे, दारं कशी आहेत, आत दिवा आहे का. बाईंनी अर्धा चहा तसाच ठेवून पर्स उचलली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी शिरलो तसं बोलणं थांबलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यावर मी शहाणा व्हायला हवं होतं, पण काका म्हणाले, "जव्हारपर्यंत ट्रायल घेऊ. जाऊन बघायचं." भिडेखातर मी गाडीत बसलो.

पहिला थांबा एका पेट्रोल पंपावर. काका थेट 'महिला' लिहिलेल्या दाराकडे. पंपावरचा माणूस धावत आला. "अंकल, वो लेडीज का है!"

"मालूम है. वो ही देखना है."

मी गाडीतून उतरलो नाही. काचा वर घेतल्या आणि घामाने निथळत बसलो.

मनोरजवळच्या ढाब्यावर मात्र उतरावं लागलं, भूक लागली होती. मी मिसळ सांगेपर्यंत काका मागच्या बाजूला गेले. दारावर टकटक करून "कोणी आहे का आत?" असं चारदा खणखणीत विचारलं, आत गेले, आणि तिथून त्यांचा आवाज आला, "सर, कडी तुटलीय! माझी पिशवी आणा!"

सगळा ढाबा वळून माझ्याकडे बघायला लागला. ढाबा चालवणारी बाई हातातला झारा घेऊनच मागे गेली. मी पिशवी घेऊन तिच्या मागोमाग.

"ओ काका, बायांचा हाय तो. पुरुषांचा तिकडं हाय."

"म्हणूनच आलोय," आतून काका.

"म्हणूनच म्हंजे? बाहेर या आधी. लाज नाय वाटत या वयात?" मग तिची नजर माझ्यावर पडली. झारा खाली आला. "सर? माज्या दर्शनाला शिकवता ना तुमी? तुमी यांच्यासोबत हाव?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते मला त्या क्षणी पटलं. मी नुसती मान हलवली. काकांनी दारातून हात काढून माझ्याकडून पिशवी घेतली. तिच्यात स्क्रू ड्रायव्हर होता, स्क्रूची पुडी होती आणि तीन-चार नव्या कोऱ्या कड्या होत्या. बाई आणि आठ-दहा गिऱ्हाईकं बघत उभी राहिली आणि भंगाळेकाकांनी गुडघे टेकून दाराला कडी बसवली. आत जाऊन लावून बघितली. मग बाहेर येऊन, हात धुऊन, शांतपणे मिसळ खाल्ली. मी माझी मिसळ अर्धी टाकून गाडीत जाऊन बसलो.

जव्हारच्या अलीकडे घाटात त्यांनी चहाचा थर्मास काढायला गाडी बाजूला घेतली, तेव्हा माझा बांध फुटला. "काका, आता पुरे," मी म्हणालो. "माझ्या विद्यार्थिनीच्या आईसमोर शोभा झाली. मला लाज वाटते तुमच्याबरोबर यायची. काकू का येत नाहीत ते कळलं मला."

काका कठड्यावर बसले होते. पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले.

"नाही कळलं तुम्हाला, सर. ती माझ्यामुळेच येत नाही, ते खरं. पण असं नाही ते."

काकूंचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून त्यांना लघवी फार वेळ धरवत नसे. त्यानंतर काकूंच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. नात्यातल्या माणसांनी मिळून जीप ठरवली. धुळ्याच्या पुढे काकूंनी काकांच्या कानात सांगितलं, गाडी थांबवा.

"जीपमध्ये सगळे माझे काका, मेहुणे, साडू. कसं सांगायचं चारचौघांत, की बायकोला जायचंय? मी म्हटलं, थोडं थांब, पुढे चांगलं हॉटेल आहे. तिने परत सांगितलं. मी परत तेच म्हटलं." थर्मासचं झाकण ते उघडून लावत होते. "हॉटेल आलंच नाही. लग्नघरापाशी उतरताना तिने शाल कमरेला गुंडाळली. आख्खं लग्न आतल्या खोलीत बसून काढलं. पोरीच्या डोक्यावर अक्षतासुद्धा टाकल्या नाहीत. त्यानंतर कुठे गेली नाही ती."

मी त्यांच्या शेजारी कठड्यावर जाऊन बसलो.

"मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, आधी माणूस, मग बाकी सगळं. आणि माझ्याच माणसाच्या वेळी मला लाज वाटली." त्यांनी झाकण घट्ट लावलं. चहा कपात ओतायचा राहूनच गेला. "एकदा लाजलो, सर. बास झालं तेवढं."

इतके दिवस मला वाटलेली लाज माझ्यापाशी होती तशीच राहिली, फक्त आता ती माझी मलाच वाटत होती. जव्हारचंही बघून घरी आल्यावर वृषालीला सांगितलं. तिला आधीपासून ठाऊक होतं. "बायकांना कळतं," एवढंच ती म्हणाली.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही बॅगा घेऊन खाली उतरलो. काकू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या, नवी साडी नेसून, पण हात रिकामे. काकांनी त्यांची बॅग आधीच डिकीत ठेवली होती. "मनोरपर्यंतच चल," ते म्हणत होते. "नाही वाटलं तर परत फिरू. कोणी काही म्हणणार नाही." वृषालीने मागचं दार उघडून धरलं. बऱ्याच वेळाने काकू आत बसल्या. मनोरच्या अलीकडच्या चिल्हार फाट्यापर्यंत त्यांनी मुठीत धरलेला पदर सोडला नाही.

तोच ढाबा. झारेवाली बाई काकांना बघून लगबगीने पुढे आली, आणि तिने काकूंकडे पाहिलं. काय समजायचं ते तिला समजलं असावं.

"या काकी, इकडं हाय. कडी लागते आता. तुमच्या मालकांनी लावली हाय, गुडघ्यावर बसून."

काकू थबकल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका टेबलावरच्या मिठाच्या डबीत काही तरी शोधायला लागले. काकू आत गेल्या. आम्ही दाराकडे पाठ करून उभे राहिलो, काका आणि मी, खांद्याला खांदा लावून. येणारी जाणारी माणसं बघत होती. बघू देत.

मागे कडी लागल्याचा आवाज आला. काकांचा खांदा सैल पडला.

"चहा सांगा, सर," ते म्हणाले. "सावकाश आणायला सांगा. घाई नाही."

काकू आल्या त्या चहा निवल्यावर. पदराने हात पुसत बाकावर बसल्या, चहाचा घोट घेतला, आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पुढचं कुठे आहे हो?"

एरवी सगळा बाजार दणाणून सोडणारा माणूस नुसता चष्मा पुसत बसला. मग मीच खणखणीत आवाजात सांगितलं, "जव्हारला, काकू. नळाला पाणी आहे."